ताईंना टिकटिक नको होती

उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या बाजूला, घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. वर्षातून दोन वेळा इथे पाय ठेवायला जागा नसते: १४ एप्रिलच्या आधी आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी. भीमगीतं, बुद्धगीतं, अधूनमधून एखाद्या मंडळाचं मिरवणुकीत वाजवायचं गाणं. पद्धत ठरलेली. कीबोर्डवर चाल बसवायची, ढोलकीवाले काका येऊन क्लिकवर, म्हणजे लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर, ढोलकी वाजवून जायचे, मग गायक सवडीने येऊन त्यावर गायचा. एक हेडफोन, एक मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचं एकच मिश्रण. दोघं असले तर स्प्लिटर लावला की भागायचं.

यंदा एका ताईंनी ही घडी मोडली. स्टेजवर आयुष्य गेलेली बाई. म्हणाल्या, "भाऊ, ढोलकी आधीच वाजवून ठेवली ना, तर मी तिच्या मागं मागं जाते. काका माह्या समोर पाह्यजेत. मी हात केला का तोडा आला पाह्यजे." मागणी रास्त होती. आतल्या खोलीत गोधड्या टांगून गायची जागा केलेली आहे आणि मधल्या भिंतीत काचेची खिडकी आहे. ताई आत, काका बाहेर माझ्या टेबलाशेजारी, दोघांना एकमेकांचा चेहरा दिसणार. बघण्याची सोय झाली, ऐकण्याची मात्र अजून करायची होती.

कारण कोणाला काय ऐकायचंय, यावर एकमत होणं शक्यच नव्हतं. ताई म्हणाल्या, "मले टिकटिक नको. ध्यान तिकडंच जाते. अन् आवाजाले थोडा एको द्या." आवाजाला सभागृहासारखी घुमक देणाऱ्या रिव्हर्बला स्टेजवरचे गायक एकोच म्हणतात. काकांना नेमकं उलट: "टिकटिक जोरात पाह्यजे, ताईचा आवाज पाह्यजे, बाकी पेटी-बिटी कमी कर." स्वतःची ढोलकी त्यांना हेडफोनमध्ये नकोच असते, मांडीवर वाजतेय ती. मला सगळंच हवं, पण कोरडं, म्हणजे श्वास, खरखर, माइकवर बसणारे प आणि फ चटकन कळतात. आणि टेक झाल्यावर सगळ्यांनी मिळून ऐकायला स्पीकर. म्हणजे चार वेगवेगळे मिक्स, तेही एकाच वेळी.

माझ्याकडे आरएमई कंपनीचा फायरफेस यूसीएक्स आहे, जुना घेतलेला. हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारा आणि संगणकातला बाहेर आणणारा डबा. त्यात माइकचा बारीक आवाज मोठा करणारे प्रीॲम्प दोनच, पण ॲनालॉग आउटपुट आठ: एक ते सहा मागच्या बाजूला लाइन आउटपुट आणि सात-आठ म्हणजे पुढचा हेडफोनचा जॅक. शिवाय डिजिटलमध्ये एसपीडीआयएफचे दोन आणि एडॅटचे आठ. आजवर वापरात होते एक-दोन स्पीकरला आणि सात-आठ हेडफोनला. बाकीची भोकं धूळ खात होती. आता तीन-चार काकांना, पाच-सहा ताईंना, आणि सात-आठ माझ्या हेडफोनला. या यंत्रासोबत टोटलमिक्स नावाचा सॉफ्टवेअर मिक्सर येतो. तो दिसतो संगणकाच्या पडद्यावर, पण आवाजाची बेरीज-वजाबाकी इंटरफेसच्या आतल्या चिपवर होते. याचं महत्त्व पुढे येईलच.

टोटलमिक्स उघडला की तीन ओळी दिसतात. सगळ्यात वर हार्डवेअर इनपुट, म्हणजे माइक आणि लाइनमधून आत येणारं. मधे सॉफ्टवेअर प्लेबॅक, म्हणजे संगणकातून येणारं. खाली हार्डवेअर आउटपुट, म्हणजे प्रत्यक्ष भोकं. बहुतेक माणसं फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, दिसला की वरून वाचायला लागतात: हा माइक, याचा आवाज किती ठेवू? इथे खालून वाचायचं असतं. आधी तिसऱ्या ओळीतल्या एका आउटपुटवर क्लिक करायचं. ते उजळतं, आणि त्याच क्षणी वरच्या दोन्ही ओळींतले सगळे फेडर जागा बदलतात, कारण आता ते फक्त त्या आउटपुटला काय जातंय तेवढंच दाखवत असतात. पंगतीत भांडी तीच फिरतात, पण ताट ज्याचं त्याचं वाढलं जातं, तसा हा कारभार. ताईंचं ताट समोर घेतलं की क्लिकचा फेडर तळाला. काकांचं घेतलं की तोच फेडर वर. एकाच फेडरच्या जितकी आउटपुट तितक्या जागा असतात, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

दुसरी गोष्ट मधल्या ओळीची. टोटलमिक्स मुळात असा मांडलेला असतो की प्लेबॅक एक-दोन जातो आउटपुट एक-दोनला, तीन-चार जातो तीन-चारला, सरळ रेषेत. त्यामुळे वाटतं की ते नंबर म्हणजे मागच्या भोकांचेच नंबर. तसं काही नाही. प्लेबॅक तीन-चारला आउटपुट तीन-चारशी बांधून ठेवणारा नियम नाही; तो नुसता एक रस्ता आहे, संगणकातून मिक्सरपर्यंतचा. मग मी ठरवलं की हे रस्ते माणसांच्या हिशेबाने वाटायचेच नाहीत, मालाच्या हिशेबाने वाटायचे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून पेटी, कीबोर्ड, बास असं सगळं संगीत प्लेबॅक एक-दोनवर. क्लिक तीन-चारवर. तानपुरा पाच-सहावर. जुना टेक किंवा नुसता चालीचा मार्गदर्शक आवाज सात-आठवर. कोणाला यातलं काय द्यायचं, ते टोटलमिक्सकडे. रीपरमध्येच चार-चार सेंड काढून चार मिक्स करता येतात, पण मग प्रत्येक गाण्याच्या फाइलमध्ये ते जाळं पुन्हा विणायचं आणि ताई "पेटी थोडी वाढवा" म्हणाल्या की चार ठिकाणी शोधत बसायचं. माल एकीकडे आणि वाढप दुसरीकडे ठेवल्याने फाइल स्वच्छ राहते.

रीपरमध्ये काम थोडंच होतं. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर आउटपुटची रेंज असते, ती एकपासून आठपर्यंत केल्याशिवाय रीपरला एक-दोनच्या पुढचं काही दिसत नाही. मग तानपुरा आणि मार्गदर्शक आवाज या ट्रॅकचं मास्टर सेंड काढून प्रत्येकाला आपापलं हार्डवेअर आउटपुट दिलं. क्लिकसाठी मेट्रोनोम न वापरता इन्सर्ट मेनूमधला क्लिक सोर्स घेतला. तो ट्रॅकवर एखाद्या रेकॉर्डिंगसारखा तुकडा होऊन बसतो, म्हणून त्याला कुठेही पाठवता येतं आणि हवं तिथे कापता येतं. हे कापणं शेवटी फार कामाला आलं.

आता ताईंच्या कानाचा प्रश्न. संगणक आवाज सलग नाही, नमुन्यांच्या घासाघासाने घेतो; त्या घासाला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल रेट) आणि बफर ५१२ नमुन्यांचा ठेवला तर आवाज संगणकात जायलाच १०.७ मिलिसेकंद लागतात आणि परत यायला तेवढेच. मिळून एकवीसच्या वर. हवेत आवाज एवढ्या वेळात सात मीटर जातो. स्वतःचाच आवाज सात मीटरवरून ऐकत गायचं, म्हणजे गाणारा माणूस ताल धरायला मागेपुढे होणारच. बफर १२८ वर आणला की एका दिशेचा उशीर २.७ मिलिसेकंदांवर येतो, पण मग प्लगइन भरलेल्या फाइलमध्ये संगणक धापा टाकतो आणि टेकच्या मधे कडकड ऐकू येते. टोटलमिक्समध्ये माइकचा आवाज संगणकात न जाताच इनपुटच्या ओळीतून थेट हेडफोनकडे वळतो, म्हणून बफर कितीही असो, गायकाला फरक पडत नाही. मी बफर ५१२ वरच ठेवला. अट एकच: रीपरमधल्या माइकच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंग बंद पाहिजे. नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी येतो, एक आत्ता आणि एक जरा उशिरा, आणि कानाला पोकळ लागतो. हे बटण मी आता रेकॉर्डचं लाल बटण दाबायच्या आधी दर वेळी पाहतो.

एको टोटलमिक्समध्येच आहे. प्रत्येक इनपुटला एफएक्स सेंड असतं, म्हणजे एकोकडे किती आवाज जायचा ते, आणि प्रत्येक आउटपुटला एफएक्स रिटर्न, म्हणजे तो एको तिथे किती यायचा ते. ताईंच्या माइकचं सेंड वर, आणि रिटर्न फक्त त्यांच्या आउटपुट पाच-सहाचं वर. काकांचं आणि माझं रिटर्न तळाला. ताईंना सभागृह ऐकू येत होतं, मला कोरडा आवाज, आणि रेकॉर्डही कोरडाच होत होता. ताईंना हे पटेना. "मंग मागून काढता येईन का तो एको?" म्हटलं, ताई, तो रेकॉर्ड झालाच नाही, काढायचं काय! एक ओळ गाऊन घेतली, स्पीकरवर ऐकवली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. माझं मत असं की एको कमीच द्यावा. जास्त झाला की स्वर जरा उतरला तरी गायकाला कळत नाही, सगळं गोडच वाटतं. ताई मागत गेल्या तसा मी थोडा थोडा वाढवला आणि एका ठिकाणी थांबलो. "आणखी देता का?" याला माझं उत्तर "दिला की" हेच होतं.

जोडणीचं काम मात्र हाताने करावं लागलं. हेडफोन ॲम्प्लिफायर बर्डीच्या बाजारातून दोन साधे आणले, चार-चार सॉकेटवाले. त्यांचा इनपुट एकच स्टिरिओ जॅक, आणि इंटरफेसमधून निघतात डावा-उजवा असे दोन वेगळे मोनो जॅक. तयार वाय केबल हवी त्या लांबीची मिळेना, म्हणून वायर आणि पिना घेऊन घरीच बनवली: स्टिरिओ पिनेच्या टोकाला डाव्याची गाभ्याची तार, मधल्या कड्याला उजव्याची, आणि दोन्हींची जाळी मागच्या बुंध्याला. मार्चमधल्या दुपारी कूलर बंद करून खाली मान घालून झाळकाम करायचं म्हणजे कथिलाआधी माणूस वितळतो. ताईंची केबल खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि ॲम्प्लिफायर त्यांच्या स्टँडजवळ ठेवला. आवाज कमी-जास्त करायची खुंटी गायकाच्या हाताशी असली की निम्म्या तक्रारी माझ्यापर्यंत येतच नाहीत.

काकांच्या हेडफोनवर खरी मेहनत गेली. ते उजव्या कानावरची वाटी मागे सरकवून ठेवतात, ढोलकीचा खरा नाद ऐकायला. जुनी सवय, बदलणार नाही, आणि बदलायला सांगणारा मी कोण. पण उघड्या वाटीतून क्लिक बाहेर पडते आणि ढोलकीचा माइक हातभर अंतरावर. पहिल्या टेकमध्ये गाणं थांबल्यावर ढोलकीची शेवटची घुमक विरत होती आणि त्या विरण्यात टिक, टिक, टिक अगदी स्वच्छ. मिक्समध्ये असलं काढता येत नाही. मग काकांचं आउटपुट निवडून क्लिकचा पॅन, म्हणजे डाव्या-उजव्या कानातली वाटणी, पूर्ण डावीकडे वळवला. पॅनही फेडरसारखाच ज्याच्या त्याच्या मिक्सपुरता असतो, त्यामुळे माझ्या हेडफोनमध्ये क्लिक मधोमधच राहिली. काकांच्या झाकलेल्या कानात क्लिक, उघड्या वाटीत ती नाहीच. संगीत थोडं गळत होतं, पण ते गाण्यातलंच असल्याने बोचत नाही. त्यावर क्लिकचा तीक्ष्ण टोकदार आवाज बदलून जरा लाकडी ठेवला, आणि क्लिकचा तुकडा शेवटच्या समेच्या आधीच कापून टाकला. तिथून पुढे ताईंचा हात आणि काकांची नजर. ती शेवटची सम यंत्रावर असती तर एवढी देखणी पडली नसती.

कूलरचं सांगायलाच हवं, कारण ते या शहरात रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी आहे. टेक सुरू असताना कूलर चालवता येत नाही, पंख्याची घरघर आणि पंपाचं टपटप माइक उचलतो. टेक संपला की चालू. पण ओली हवा ढोलकीला लागली की पुडी उतरते, मग काका पुन्हा कड्या सरकवत बसतात आणि पट्टी जुळवेपर्यंत पुन्हा सगळे घामाघूम. शेवटी कूलरचं तोंड आतल्या खोलीच्या दाराकडे फिरवलं. हवा ताईंना, ढोलकी कोरडी.

आतल्या खोलीशी बोलायचं कसं, हाही प्रश्न होता. काच ठोकून खाणाखुणा किती करणार? टोटलमिक्सच्या कंट्रोल रूम विभागात कोणतं आउटपुट मेन आणि कोणती फोन्स हे नेमून देता येतं. एक-दोन मेन नेमलं. काकांचं आणि ताईंचं फोन्स एक आणि दोन. टॉकबॅकचं बटण दाबलं की त्या हेडफोनमधलं बाकीचं खाली बसतं आणि नेमलेल्या माइकमधून माझा आवाज जातो. प्रीॲम्प दोन्ही अडकलेले, एक ताईंना, एक ढोलकीला. म्हणून पडून असलेल्या एका लहानशा जुन्या मिक्सरमध्ये साधा माइक लावला आणि त्याची लाइन इनपुट पाचला दिली. या कामाला तो पुरेसा आहे. "ताई, दुसऱ्या कडव्यापासून" एवढंच तर बोलायचं असतं. काका माझ्या शेजारीच बसलेले, त्यांना टॉकबॅक कशाला, असं वाटेल. पण कान झाकलेल्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं आणि ओरडलं की ताई आत दचकतात.

मग आली कवींची फर्माईश. गीतकार भंडाऱ्याला, आणि त्यांना रेकॉर्डिंग होताना ऐकायचं होतं, शब्द कुठे चुकला तर तिथल्या तिथे सांगायला. फोन स्पीकरसमोर धरून हे होत नाही. आणि स्पीकर तर बंद होता. इथे एडॅटची न वापरलेली आउटपुट कामी आली. एडॅट हे नाव १९९१ साली अलेसिस कंपनीने आणलेल्या आठ ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरचं. ते यंत्र गेलं, त्याची प्रकाशावर चालणारी तार आणि आठ चॅनलची चाल अजून टिकून आहे. माझ्याकडे त्या भोकात काहीही जोडलेलं नाही, म्हणूनच ते सोयीचं. टोटलमिक्समध्ये कुठल्याही आउटपुटच्या सेटिंगमध्ये लूपबॅकचं बटण असतं. ते दाबलं की त्या आउटपुटला जे जातं, तेच त्याच नंबरच्या इनपुटवर रेकॉर्ड करायला मिळतं. हे ॲनालॉग एक-दोनवर दाबलं तर रेकॉर्डिंगमध्ये ताईंचा माइक जाऊन त्याजागी स्पीकरचा मिक्स येईल, म्हणून रिकामंच आउटपुट घ्यायचं. एडॅट एक-दोन उजळवून त्यात कवींसाठी पाचवा मिक्स वाढला: ताई भरपूर, ढोलकी, थोडं संगीत, माझा टॉकबॅकचा माइक. लूपबॅक चालू. व्हिडिओ कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून एडॅट एक-दोन निवडलं आणि स्पीकर म्हणून एडॅट तीन-चार, म्हणजे कवींचा आवाज मधल्या ओळीत स्वतःच्या वेगळ्या प्लेबॅकवर आला.

तो प्लेबॅक मी माझ्या हेडफोनला दिला, टेक थांबल्यावर ताईंनाही दिला, पण कवींच्या मिक्समध्ये मात्र तळाला ठेवला. त्यांचा आवाज त्यांनाच परत गेला तर त्यांना आपलंच वाक्य मागून ऐकू येतं आणि माणूस बोलता बोलता अडखळतो. रेडिओवाले फोनवरच्या पाहुण्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं ऐकवतात, तेच हे. कवींनी पहिल्याच कडव्यात एक अनुस्वार पकडला आणि नंतर बराच वेळ नुसते "वा, वा" करत होते. रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकवर एकही "वा" नाही.

सगळं बसल्यावर ते स्नॅपशॉटमध्ये साठवलं. टोटलमिक्समध्ये अशा आठ जागा असतात. एक सगळे मिळून गायचा, एक फक्त ढोलकीच्या दुरुस्तीचा, एक नुसता मिक्सिंगचा, ज्यात स्पीकर चालू आणि माइक बंद. शिवाय एक प्रत हार्ड डिस्कवर. लोकांकडे वेगवेगळे इंटरफेस असतात आणि पडदे वेगळे दिसतात, पण फोकसराइट कंपनीच्या इंटरफेससोबतचा फोकसराइट कंट्रोल हा मिक्सर उघडला तरी आधी आउटपुट निवडा आणि मग त्यात काय जायचं ते ठरवा, हीच चाल आहे. फक्त घेण्याआधी हेडफोनची आउटपुट स्वतंत्र आहेत की लाइन आउटपुटचीच नक्कल आहेत, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावं. पुढच्या बाजूला दोन जॅक दिसले म्हणजे दोन मिक्स मिळतीलच असं नसतं.

ताईंची गाणी झाली. आता त्यांच्या कोरससाठी मुली येणार आहेत आणि ॲनालॉग आउटपुट एकही शिल्लक नाही. एडॅटला जोडायचा, डिजिटलचं ॲनालॉग करून देणारा आठ आउटपुटचा कन्व्हर्टर जुन्यात मिळतो का, ते पाहून राहिलोय. तोवर ताईंच्या ॲम्प्लिफायरची उरलेली तीन सॉकेटं आहेत. मुलींना एको थोडा जास्त वाटेल, पण त्यावर अजून कोणी तक्रार केलेली ऐकली नाही.